संस्थेचे बियाणे : युवक-कार्यासाठी ध्रुवनिधी आणि दात्यांविषयी कृतज्ञता



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडे एक अभ्यासलेख मागितला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढची सारी विद्या धान्याच्या पोत्यांनी आणि खतावणीच्या पानांनी शिकविली. तथापि मंडळाने जो विषय दिला, तो पंडितांपेक्षा आपणां व्यापाऱ्यांच्याच अधिक परिचयाचा आहे. आपल्या संघटनेची युवक शाखा अभ्यासिका चालविते, गरजू मुलांचे परीक्षाशुल्क भरते, जुनी पाठ्यपुस्तके गोळा करून नव्या वर्गात आलेल्यांना देते. हे सर्व कार्य आजवर वार्षिक वर्गणीवर चालत आले आहे. ते पुढील पन्नास वर्षे चालावयाचे, तर त्यामागे कायमचा निधी असावा काय, तो कसा राखावा, आणि जे तो देतील त्यांचे ऋण संस्थेने कसे मानावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. खाण्याचे धान्य आणि पेरणीचे धान्य

धान्याच्या व्यापाऱ्यास हा भेद समजावून सांगावा लागत नाही. शेतकऱ्याच्या घरी दोन कणग्या असतात. एका कणगीतील जोंधळा रोज जात्यावर जातो. दुसरीतील जोंधळा राख अगर कडुलिंबाचा पाला घालून निगुतीने ठेवलेला असतो. घरात कितीही ओढ असली, तरी दुसऱ्या कणगीला सहसा हात लागत नाही. ज्या वर्षी तो लागतो, त्या वर्षी ते घर उपाशी राहत नाही. ते पुढच्या वर्षी उपाशी राहते.

संस्थेची वर्गणी ही पहिली कणगी होय. ती जमा व्हावी आणि खर्चली जावी, यासाठीच असते. ध्रुवनिधी ही दुसरी कणगी. तिचे मुद्दल तसेच राहते. त्याच्या उत्पन्नातून कार्य चालते. मुद्दल अढळ राहावयाचे, म्हणूनच आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यास ‘ध्रुव’ हे नाव दिले असावे.

वर्गणीचा दोष हा, की ती दात्याच्या सुकाळावर अवलंबून असते. पाऊस लांबला, बाजार मंदावला, की सर्वांत आधी आखडतो तो वर्गणीचा हात. आणि नेमक्या त्याच वर्षी गरजू मुलांची संख्या वाढते. ज्या वर्षी मदत सर्वांत अधिक हवी, त्या वर्षी ती सर्वांत कमी जमते. ध्रुवनिधीचे प्रयोजन या एका वाक्यात सामावलेले आहे.

२. आपल्या परंपरेचा आधार

ही कल्पना परकी नाही. श्रावकाच्या चार दानांत आहार, औषध व अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदान, म्हणजे ज्ञानदान, सांगितले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचे मोल चार गोष्टींनी ठरते असे म्हटले आहे: देण्याची रीत, दिलेली वस्तू, देणारा आणि घेणारा. आपण व्यवहारात बहुधा दुसऱ्याच गोष्टीकडे पाहतो, म्हणजे रक्कम किती. रीत ही पहिली गोष्ट. तिच्याकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या रीतीविषयी आहे.

मंदिरांच्या हिशेबात देवद्रव्य, ज्ञानद्रव्य आणि साधारण ही खाती निराळी ठेवण्याची शिस्त आपण लहानपणापासून पाहिली आहे. देवद्रव्याचा पैसा अन्य कामी वळविणे हे नुसती हिशेबाची चूक नव्हे, दोष मानला जातो. तसेच जुन्या पेढ्यांच्या हिशेबपट्टीत हमाली-तोलाईखाली ‘धर्मादाय’ अशी एक ओळ असे. पोत्यामागे काही पैसे बाजूस निघत आणि त्यातून पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई चालत. म्हणजे निराळे खाते आणि नियमित भर, ही ध्रुवनिधीची दोन्ही तत्त्वे आपल्या वहीत पूर्वीपासून आहेत. त्यांना तरुणांच्या कार्याकडे वळविणे एवढेच उरले आहे.

३. इतिहासातील चार दाखले

पहिला दाखला मुंबईचे शेठ प्रेमचंद रायचंद यांचा. सुरतेकडील हे जैन व्यापारी कापसाच्या आणि शेअरांच्या बाजारात त्या काळचे अनभिषिक्त राजे होते. त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आजही उभा आहे. मातोश्रींची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्यासाठी त्यांना वेळ कळावी म्हणून ही घंटा, अशी आख्यायिका सांगतात.

याच शेठजींनी कलकत्ता विद्यापीठासही दोन लाख रुपये दिले आणि त्यातून १८६६ साली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती स्थापन झाली. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्या पडझडीत शेठजींचे वैभवही गेले. पेढी बुडाली, पण शिष्यवृत्ती बुडाली नाही, कारण ती रक्कम दात्याच्या वहीतून निघून विद्यापीठाच्या निधीत गेली होती. १८९७ साली ही शिष्यवृत्ती एका बंगाली तरुणास मिळाली. त्याचे नाव जदुनाथ सरकार. पुढे त्यांनी १९१९ साली शिवछत्रपतींवर इंग्रजीत जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो महाराष्ट्रातील इतिहासकारांना वाद घालण्यासाठी का होईना, पण वाचावा लागला. कापसाच्या नफ्यातून शिवचरित्राचा अभ्यासक घडेल, हे देताना दात्यास स्वप्नातही ठाऊक नसेल. ध्रुवनिधी देणारा असाच, आपण कधी न पाहणाऱ्या माणसास देत असतो.

दुसरा दाखला आपल्याच जिल्ह्याच्या अंगणातील. नवलगुंद-शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ साली निवर्तले. त्यांना आपल्यामागे वाडा कोणाच्या नावे राहील याची चिंता नव्हती; त्यांनी आपली जहागिरी समाजातील मुलांच्या शिक्षणासाठी मृत्युपत्राने विश्वस्तनिधीत दिली. त्या निधीतून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना साहाय्य मिळत आले. बेळगावातील कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्थेने १९३३ साली सुरू केलेल्या महाविद्यालयास लिंगराजांचे नाव आहे. आपले शेजारी समाजबांधव शिक्षणात पुढे कसे गेले, असे आपण पुष्कळदा विचारतो. त्याचे एक उत्तर या मृत्युपत्रात आहे.

तिसरा दाखला दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचा. १८९९ साली निपाणीजवळील स्तवनिधी येथे ही सभा स्थापन झाली. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखी शिकलेली मंडळी आणि खेड्यापाड्यांतील शेतकरी-व्यापारी तीत एकत्र आले. सभेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि आपल्या हुबळी येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालविली. तोपर्यंत खेड्यातील हुशार मुलापुढे शहरात राहण्याचा एकच मार्ग असे: सात घरी सात वार लावून जेवावे आणि मिळेल त्या ओसरीवर निजावे. वसतिगृहाने त्यास स्वतःची चटई आणि स्वतःचे ताट दिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि अर्थसाहाय्य देऊन हात दिला. येथे ध्यानात घ्यावे असे, की टिकली ती वसतिगृहे, ज्यांच्या पायाशी स्वतःची जागा व इमारत होती. नुसत्या उत्साहाच्या भाड्याच्या घरांत उघडलेल्या कित्येक खानावळींचे नावही आज कोणास आठवत नाही.

चौथा दाखला मनास चटका लावणारा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे, आपल्याच समाजात झाला. विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात होते. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या काळी संस्थेपाशी निधी नव्हता. कोठारातील धान्य संपले, की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपला एकेक दागिना मोडावयास देत. अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या माउलीचे निधन झाले. आपण हा प्रसंग सभांतून मोठ्या अभिमानाने सांगतो आणि तो अभिमानाचा आहेच. परंतु व्यापारी म्हणून त्यातून दुसरा धडाही घ्यावयास हवा. संस्थापकाच्या पत्नीच्या गळ्यातील मंगळसूत्र हा कोणत्याही संस्थेचा राखीव निधी असता कामा नये. तिच्या त्यागाची थोरवी ही भोवतालच्या समाजाची उणीवही आहे. संस्थेने पुढे विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ मदत देणारी पतपेढी काढली आणि तिला लक्ष्मीबाईंचे नाव दिले. या स्मारकातला पैसा पुन्हा मुलांच्याच हाती जातो. कृतज्ञतेचा याहून योग्य प्रकार मला ठाऊक नाही.

४. मुद्दल वाढते ठेवण्याचा हिशेब

आता थोडे अंकगणित करू. घरातील विद्यार्थ्यांनी हा भाग वडिलांस वाचून दाखवावा.

समजा, युवक शाखेने १० लाख रुपयांचा निधी उभारला आणि त्यावर दरसाल शेकडा ७ व्याज मिळाले. वर्षास ७० हजार रुपये झाले. ते सर्व मुलांवर खर्चावे, मुद्दल तर शाबूतच आहे, असे कोणीही म्हणेल. पण मुद्दल खरोखर शाबूत आहे काय? आपण धान्याचे व्यापारी. रुपयाने नव्हे, पोत्याने मोजून पाहू. महागाई दरसाल शेकडा ६ प्रमाणे वाढली, तर सुमारे १२ वर्षांत भाव दुप्पट होतात. आज ज्या रकमेत दहा पोती येतात, त्यात तेव्हा पाच येतील. वहीत १० लाख तसेच दिसतील, पण कणगी अर्धी रिकामी झालेली असेल. ही कीड डोळ्यांस दिसत नाही, कारण ती पोत्याच्या आतून लागते.

म्हणून दुसरी रीत पाहू. ७० हजारांपैकी निम्मे, म्हणजे ३५ हजार, मुलांवर खर्चावे आणि निम्मे मुद्दलात मिळवावे. असे २० वर्षे केले, तर मुद्दल सुमारे १९ लाख ९० हजार होते आणि त्यावरील व्याजाचा निम्मा भाग जवळजवळ ७० हजार भरतो. म्हणजे एकविसाव्या वर्षी दोन्ही रीतींनी मुलांना सारखीच रक्कम मिळते. फरक एवढाच, की पहिल्या रीतीत ती रक्कम तेथेच थबकते आणि दुसऱ्या रीतीत ती पुढे वाढतच जाते.

हिशेबाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. या २० वर्षांत पहिल्या रीतीने मुलांना १४ लाख मिळाले असते. दुसऱ्या रीतीने सुमारे ९ लाख ९० हजार मिळाले. म्हणजे चार लाखांहून अधिक मदत आजच्या मुलांनी उद्याच्या मुलांसाठी सोडली. हा त्याग लहान नाही. तो कोणाकडून करून घ्यावयाचा हे ठरविणे आपले काम आहे. माझ्या मते तो मुलांवर लादू नये. आरंभीच्या वर्षांत जी तूट पडेल, ती आपण थोरांनी वर्गणीतून भरावी. ध्रुवनिधी झाला म्हणून वर्गणी बंद झाली, असे होता कामा नये. दोन्ही कणग्या हव्यात. शिवाय भाव शेकडा ५ नेच वाढले, तरी २० वर्षांत ते अडीचपटीहून अधिक होतात. म्हणून निम्मे व्याज मिळवूनही निधीस दरसाल नव्या देणग्यांची भर लागेलच.

५. माझ्या हातची एक चूक

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. ते कसे आले, हे सांगितल्याविना लेख पुरा होणार नाही.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी माझ्या मूळ गावच्या एका तरुण मंडळाचा खजिनदार होतो. गावातील एका वृद्ध विधवेचा एकुलता मुलगा कॉलेजात शिकत असता वारला होता. तिने आपल्या पाटल्या मोडून अकरा हजार रुपये मंडळास दिले. अट एकच होती: व्याजातून दरवर्षी एका मुलाची फी भरावी. आम्ही समारंभ केला, तिला नारळ व शाल दिली आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर तिच्या मुलाच्या नावाची संगमरवरी पाटी बसविली.

तिसऱ्या वर्षी अभ्यासिकेचे छप्पर गळू लागले. पावसाळा तोंडावर आलेला, वर्गणी थकलेली. मी बैठकीत सुचविले, की ठेव तूर्त मोडावी आणि दिवाळीपर्यंत वर्गणी जमवून पुन्हा भरावी. कोणीही हरकत घेतली नाही. छप्पर चांगले झाले. दिवाळी आली, त्या दिवाळीस आणखी काही निकड होती. पुढच्या दिवाळीस आणखी काही. ठेव पुन्हा भरली गेली नाही. पुढे मी व्यापारासाठी हुबळीस आलो आणि वही दुसऱ्याच्या हाती दिली.

काही वर्षांनी एका लग्नासाठी गावी गेलो असता ती आजी मांडवात भेटली. तिने मला ओळखले, जवळ बसवून घेतले आणि विचारले, “बाळ, यंदा माझ्या लेकाच्या नावाने कोण शिकतो आहे?”

मजपाशी उत्तर नव्हते. पाटी भिंतीवर होती, छप्पर गळत नव्हते, पैशाची अफरातफर कोणी केली नव्हती. पण तिच्या लेकाच्या नावाने कोणीही शिकत नव्हते. मी काहीतरी मोघम बोललो. तिने विश्वास ठेवला, हे अधिक वाईट.

त्या वर्षापासून एका मुलाची फी मी स्वतःच्या खात्यातून भरीत आलो आहे. त्यामुळे एका मुलाचे भागते, पण मोडलेला शब्द जुळत नाही. आजी आता हयात नाही.

६. कृतज्ञता म्हणजे काय

या प्रसंगाने मला नावाच्या पाटीचा अर्थ शिकविला. पाटी ही दात्यास दिलेले बक्षीस नव्हे. ती संस्थेने स्वतःवर लिहून घेतलेली हुंडी आहे. जोपर्यंत पाटी भिंतीवर आहे, तोपर्यंत ती हुंडी दरसाल सकारली गेली पाहिजे.

आपल्याकडे दात्यांचे संरक्षक, आश्रयदाते, हितचिंतक असे वर्ग पाडण्याची आणि रकमेप्रमाणे अक्षरे लहानमोठी करण्याची चाल आहे. तिची मी सरसकट निंदा करणार नाही. मंदिरात आरतीची बोली लागते तेव्हा एकाचे पाहून दुसऱ्याचा हात सैल होतो, हे आपण जाणतो. नावाची हौस ही मनुष्यस्वभावातच आहे. तिचा उपयोग सत्कार्यास होत असेल, तर बिघडले काय? तथापि तिला काही कुंपण हवे.

पहिले कुंपण असे, की नावाबरोबर अधिकार विकला जाऊ नये. कोणास साहाय्य द्यावे, हे निवड समितीने ठरवावे. दात्याने आपल्या नातलगाची शिफारस करू नये. कर्मवीरांनी १९४७ साली साताऱ्यास काढलेल्या महाविद्यालयास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले. मोठी देणगी घेऊन ते नाव बदलण्याची सूचना पुढे आली असता त्यांनी ती साफ धुडकावली, अशी कथा सांगतात. सर्वच नावे विकाऊ नसतात, हे संस्थेने आधीच ठरवून ठेवावे.

दुसरे कुंपण असे, की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलास व्यासपीठावर उभे करून दात्याच्या हस्ते पाकीट देतानाचे छायाचित्र काढणे, ही दात्याची कृतज्ञता नव्हे. तो मुलाच्या गरिबीचा जाहीरनामा होय. फी परस्पर शाळा-कॉलेजात भरली जावी. दात्यास मुलाचे नाव न कळविताही पुष्कळ सांगता येते: यंदा आपल्या निधीतून एका विद्यार्थिनीच्या तंत्रशिक्षणाची फी भरली, ती उत्तीर्ण झाली. असे एक पत्र शालीपेक्षा अधिक ऊब देते.

तिसरे असे, की लहान दात्यास स्थान हवे. देणगीदारांची यादी रकमेच्या नव्हे, वर्णानुक्रमाने छापावी. एकशे एक रुपया देणारा हमाल अगर दिवाणजी आपल्या मिळकतीच्या मानाने पेढीच्या मालकापेक्षा अधिक देत असतो. ज्यांना गुप्तदान करावयाचे, त्यांची नोंद ‘एक सद्गृहस्थ’ अगर ‘एक भगिनी’ अशी व्हावी. वहीत मात्र नाव व रक्कम चोख असावी. गुप्तदान म्हणजे बिनहिशेबी दान नव्हे.

७. आपल्या शाखेसाठी काही सूचना

वरील विचारांवरून पुढील नियम मी सभासदांच्या विचारार्थ ठेवितो.

(अ) ध्रुवनिधीचे बँक खाते निराळे असावे. मुद्दलास हात लावण्याचा अधिकार कार्यकारी मंडळास नसावा. सर्वसाधारण सभेसही तो तीन चतुर्थांश मतांनी, आणि परतफेडीची तारीख लिहूनच मिळावा. मी बैठकीत सुचविले आणि कोणी हरकत घेतली नाही, असे पुन्हा घडू नये.

(आ) दात्याने रक्कम मूळ निधीत जमा व्हावी, असे लेखी द्यावे. आयकराच्या दृष्टीनेही अशा स्पष्ट सूचनेवाचून देणगी मूळ निधीची मानली जात नाही. रक्कम धनादेशाने अगर बँकेतून द्यावी. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर दात्यास आयकरात वजावट मिळत नाही.

(इ) व्याजाचा किमान निम्मा भाग मुद्दलात मिळवावा. निधी कोठे गुंतविला आहे, हे दरवर्षी स्मरणिकेत छापावे. तो कोणत्याही सभासदाच्या पेढीत ठेवू नये, मग ती पेढी कितीही नामांकित असो.

(ई) दानपत्रात हेतू स्पष्ट असावा, पण फार अरुंद नसावा. टंकलेखनाच्या परीक्षेच्या शुल्कासाठीच, असे चाळीस वर्षांपूर्वी कोणी लिहिले असेल, तर तो निधी आज कोणाच्या उपयोगाचा? मूळ हेतू कालबाह्य झाल्यास त्याच्या अगदी जवळच्या कामी उत्पन्न वापरावे, असे एक कलम प्रत्येक दानपत्रात असावे.

(उ) निधीच्या विश्वस्तांत किमान एक जण तिशीच्या आतील असावा आणि किमान एक भगिनी असावी. ज्या तरुणांसाठी आपण पेरतो, त्यांना पेरणी शिकविली नाही, तर आपल्यामागे कणगी सांभाळणार कोण?

(ऊ) ज्यांना मदत मिळाली, त्यांच्याकडून परतफेडीचा कागद लिहून घेऊ नये. मात्र मिळवते झाल्यावर एका मुलाचा भार त्यांनी उचलावा, अशी अपेक्षा प्रेमाने सांगावी. पुष्कळजण ती पाळतात.

८. कुटुंबात बसून विचार करण्यासाठी प्रश्न

(१) आपल्या घराण्यात कोणाच्या नावे काही दान झाले आहे काय? ते आज कोणत्या कामी लागते, हे आपण शेवटी केव्हा विचारले?

(२) शेकडा ६ महागाई असता १२ वर्षांत भाव दुप्पट होतात. मग शेकडा ४ असता किती वर्षांत होतील? (सूचना: ७२ ला त्या अंकाने भागावे.)

(३) अभ्यासिकेचे छप्पर गळत आहे आणि हाती फक्त ध्रुवनिधी आहे. तुम्ही खजिनदार असता, तर काय केले असते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला आज ठाऊक आहे. बाजारात प्रत्येक दुकानाची पायरी चढून पुन्हा हात पसरावयाचा होता. मी तो संकोचाने पसरला नाही. ठेव मोडणे सोपे वाटले.

अमरगोळच्या बाजार आवारात हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि चार महिन्यांत रिकाम्या होतात. व्यापार म्हणजे आलेले जाणे. पण त्याच आवारात बियाण्यासाठी निवडलेले धान्य घेऊन जाणारा शेतकरी मी पाहतो, तेव्हा तो ते पोते इतरांपेक्षा निराळ्या रीतीने उचलतो असे वाटते. येत्या दिवाळीस, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, आपण वहीपूजन करू. त्या वेळी नव्या वहीत ‘शुभ-लाभ’ लिहून झाल्यावर एक पान युवकांच्या ध्रुवनिधीसाठी राखावे आणि आपल्या ऐपतीप्रमाणे पहिली रक्कम मांडावी, एवढीच विनंती. कोणी आजी आपल्यापैकी कोणास उद्या विचारील, की माझ्या लेकाच्या नावाने कोण शिकतो आहे, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाहून उत्तर देता यावे.

चूकभूल द्यावी घ्यावी. जय जिनेंद्र.